ऑलेसुनमध्ये चार दिवस

ऑलेसुन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, ६२ अंश अक्षांशाच्या थोडं वरचं, साठ हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. पाटीवर नावाच्या शेवटी 'ड' असतो, पण बोलताना तो कुणी उच्चारत नाही. बहुतेक टूरवाले या गावाला गायरांगर फ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) वाटेवरचा मुक्काम समजतात. रात्री पोहोचायचं, सकाळी डोंगरावरून एक फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. हा गावावर अन्याय आहे. १९०४ मध्ये एका रात्रीत हे गाव जळालं आणि १९०७ पर्यंत जवळजवळ पूर्ण, एकाच काळाच्या शैलीत, पुन्हा उभं राहिलं. अशी सलग बांधलेली वस्ती पायी, मान वर करून, सावकाश बघायची असते. म्हणून इथे फ्योर्डला दुय्यम जागा दिली आहे. आराखडा जून-जुलैचा आहे.

निघण्याआधी

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनमध्ये गर्दी असते, तेव्हा मार्चमध्येच कामाला लागावं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. चलन मात्र युरो नाही, नॉर्वेजियन क्रोना. एका क्रोनाला साधारण आठ-नऊ रुपये पडतात. रोख नेण्याची गरज जवळपास नाही, बसपासून बेकरीपर्यंत कार्ड चालतं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं मात्र जवळ हवीत, कारण एक अडलं तर रोखीवर निभावणं इथे अवघड जातं.

खाऊच्या पिशवीत काय भरायचं हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवायच्या. मेतकूट, चटण्या, तेलावर भाजलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ, पोहे, तेलातला चिवडा यांची अडचण नाही. पाकिटावर घटक छापलेले असले की कस्टमला दाखवणं सोपं जातं.

ओस्लोला विमान बदलणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. परदेशातून येऊन देशांतर्गत विमान धरणाऱ्यांना सहसा ओस्लोला आपलं सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन, पुन्हा जमा करावं लागतं. मुंबईत सामानाला शेवटच्या मुक्कामाची चिठ्ठी लावलेली असली तरीही. 'बॅगा थेट येतील' असं धरून पुढच्या गेटकडे चालू लागलं की माणूस ऑलेसुनला आणि बॅग ओस्लोला. चेक-इनलाच विचारून घ्यावं आणि मध्ये दोन तासांहून कमी वेळ ठेवू नये.

कपड्यांत छत्री नको. वारा आडवा असतो, ती उलटते. टोपीवाला पावसाळी कोट, आत पातळ लोकरी थर आणि भिजल्यावर न घसरणारे बूट, एवढं पुरतं. भर उन्हाळ्यातही दुपारी १५ अंशांच्या आसपास असतं. हवामानासाठी तिथले लोक 'यर' हे अ‍ॅप बघतात आणि तासातासाचा अंदाज बघूनच बाहेर पडतात. तुम्हीही तेच करा.

पहिला दिवस : पोहोचणं आणि आक्सला

विमानतळ विग्रा नावाच्या बेटावर आहे. तिथून गावात यायला बसने अर्धा तास धरावा. वाटेत समुद्राखालचे दोन बोगदे लागतात, वाल्डेरॉयचा आणि एलिंगसॉयचा. दोन्ही १९८७ चे, समुद्रसपाटीखाली जवळजवळ १४० मीटर उतरणारे. कानात दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात.

खोली घेताना स्वयंपाकघर असलेली घ्या. नॉर्वेत दोन माणसांचं साधं हॉटेलातलं जेवण पाच-सहा हजार रुपयांच्या खाली क्वचितच जातं आणि शाकाहारी माणसाला तर पर्याय एक-दोनच असतात. रेमा १०००, किवी, कोप ही रोजची किराणा दुकानं. तांदूळ, मसूर, बटाटे, कांदे, टोमॅटो, दही सगळं मिळतं. तूरडाळ शोधण्यात वेळ घालवू नये. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवसांचं सामान भरून ठेवायचं. नळाचं पाणी पिण्याचं आहे. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर २ किंवा ३ क्रोना अनामत असते. दुकानाच्या दारातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती मिळते आणि ती पावती गल्ल्यावर वळती होते.

थोडं झोपून घ्या आणि जेवल्यावर, रात्री नऊनंतर, आक्सला डोंगरावर चढा. जूनमध्ये इथे सूर्य अकरानंतर मावळतो आणि त्यानंतरही पूर्ण अंधार होत नाही. मध्यरात्रीचा सूर्य इथे दिसत नाही, त्यासाठी बरंच उत्तरेला जावं लागतं. पायऱ्या गावातल्या बागेतून सुरू होतात. त्या ४१८ आहेत. बागेतच गांगर रोल्व्हचा पुतळा आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा पहिला सरदार रोलो तो हाच, असं इथली परंपरा मानते. नॉर्मंडीला हजार वर्षं झाली त्या निमित्ताने १९११ मध्ये रुआँ शहराने हा पुतळा भेट दिला.

पायऱ्या चढायला न थांबता पंधरा-वीस मिनिटं, गुडघे कुरकुरत असतील तर अर्धा तास. ओल्या पायऱ्यांवर उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कठडा सोडू नये. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी टॅक्सी करावी, वरपर्यंत रस्ता आहे. वर पोहोचलात की तोंड पश्चिमेला करून उभं राहा. समोर गाव माशाच्या गळासारखं वळलेलं दिसतं. बेटं पुलांनी जोडलेली, मधून पाण्याची चिंचोळी पट्टी, पलीकडे उघडा अटलांटिक. सकाळी दहा ते दोन या वेळेत क्रूझ जहाजांची माणसं इथे रांगा लावतात. रात्री दहाला मात्र कठड्याशी पाच-सात माणसं असतात आणि उजेड तिरपा, पिवळा, प्रत्येक छपराची कड वेगळी दाखवणारा असतो. या फरकासाठीच झोप थोडी पुढे ढकलायची.

दुसरा दिवस : जळालेलं गाव, बांधलेलं गाव

सकाळ लवकर सुरू करा आणि वारा पडलेला असेल तर आधी हेल्लेब्रुआ पुलावर जा. नॉर्वॉय आणि आस्पॉय या दोन बेटांच्या मधली पाण्याची पट्टी म्हणजे ब्रोसुंदे. दोन्ही काठांवर घरांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या आहेत, कारण ही मुळात माशांची गोदामं. होडी दाराला लावायची आणि माल वर ओढून घ्यायचा.

आता आगीची हकिगत, कारण तिच्याशिवाय पुढचं काही नीट दिसत नाही. २३ जानेवारी १९०४. रात्री दोनच्या सुमाराला बाहेर वादळ चालू होतं आणि एका कारखान्यात आग लागली. गाव सगळं लाकडी, घराला घर लागून, आणि वाऱ्याने ठिणग्या पुढच्या पुढच्या छपरांवर टाकल्या. सुमारे ८५० घरं गेली. सुमारे दहा हजार माणसं ऐन हिवाळ्यात उघड्यावर आली. जीव मात्र एकाच व्यक्तीचा गेला. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म दर उन्हाळ्यात या भागातल्या फ्योर्डांत जहाजाने हिंडायला यायचा. त्याने अन्न, औषधं आणि बांधकामाचं साहित्य घेऊन जहाजं पाठवली. गावाने त्याच्या नावाने रस्ता ठेवला, तो आजही त्याच नावाने आहे.

नवीन गाव दगड-विटांचंच बांधायचं ठरलं. कामाला आलेले वास्तुकार तरुण नॉर्वेजियन होते. काही त्रोनहाइममध्ये शिकलेले, काही बर्लिनमध्ये, आणि त्या वर्षांत युरोपभर युगेंडस्टिल ही वेलीफुलांच्या वळणदार नक्षीची शैली जोरात होती. हीच शैली फ्रान्समध्ये आर्ट नूव्हो म्हणून ओळखली जाते. सगळं एकदम, एकाच पिढीच्या हातून झालं. म्हणून रस्ता बदलला तरी घरांची बोली बदलत नाही.

बघायचं कसं? तळमजल्याकडे दुर्लक्ष करा. तिथे दुकानांच्या काचा आणि पाट्या आहेत. नजर दुसऱ्या मजल्यापासून वर ठेवा. एखादं घर समोरच्या पदपथावरून पाच मिनिटं बघा. खाली ओबडधोबड तासलेला दगड, मुद्दाम खडबडीत ठेवलेला. वर गुळगुळीत गिलावा, फिकट पिवळा, राखाडी किंवा गुलाबी. खिडकीच्या खालच्या तावदानाला एक मोठी काच, वरच्या भागात मात्र छोट्या छोट्या चौकटी. गिलाव्यातून उमटलेले वेलींचे देठ कमानीच्या दोन्ही बाजूंनी वर चढतात. कुठे मधोमध माणसाचा चेहरा, कुठे घुबड, कुठे कोपऱ्यावरच्या बुरजाला निमुळतं छप्पर. वेली जर्मनीहून आल्या, पण ड्रॅगनसारखी तोंडं आणि गुंफलेल्या गाठी जुन्या नॉर्स लाकूडकोरीवातल्या आहेत. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला. गाव बांधलं जात होतं त्याच काळात 'आपलं' काय याची चर्चा देशभर चालू होती, आणि ती इथल्या भिंतींवर उतरली.

अपोतेकरगाता हा रस्ता यासाठी सर्वांत चांगला. त्याच रस्त्यावर युगेंडस्टिल केंद्र आहे. वास्तू हागबार्थ श्युटे-बेर्ग यांची, मूळची 'हंस औषधालय'. १९०७ मध्ये पुरी झाली, संग्रहालय म्हणून २००३ पासून खुली आहे. औषधाच्या दुकानाचं मूळ लाकडी सामान जागेवर आहे, वर जेवणाची खोली आहे आणि आगीपासून पुनर्बांधणीपर्यंतचा भाग चित्रफितीने दाखवतात. दीड तास ठेवा. शेजारची जुनी बँकेची इमारत कलासंग्रहालय आहे आणि तिकीट एकत्रच असतं.

तिथून मोलोवेगेन धरून पाण्याकडे चालत जा. या गल्लीत १८६१ चं होल्मबुआ हे लाकडी गोदाम आहे, आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी एक. आत मासेमारीचं संग्रहालय आहे. जळण्याआधीचं गाव कसं होतं याची कल्पना इथेच येते. जाड तुळया, बुटकी छतं आणि लाकडात मुरलेला डांबर-माशाचा वास. टोकाला धक्क्यावर छोटं लाल दीपगृह आहे.

दुपारनंतर आस्पॉयवरचं चर्च बघा. ते १९०९ चं, दगडी. गाभाऱ्यातल्या रंगीत काचा कैसरची भेट. उघडण्याच्या वेळा तुटक असतात, सकाळीच दारावरची पाटी वाचून ठेवावी.

तिसरा दिवस : गिस्के आणि गुडॉय

हा दिवस रविवारी आला तर उत्तम, कारण बेटांवर दुकानांची गरज पडत नाही. पण रविवारी बसफेऱ्या फार कमी असतात, हेही तितकंच खरं. 'एंतूर' या अ‍ॅपवर जायची आणि यायची, दोन्ही वेळ आधी बघा. इथे लोकांची फसगत होते ती येतानाच: दीपगृहाशी तास कसा जातो कळत नाही, बस निघून जाते आणि टॅक्सीला समुद्राखालून परत आणायला हजारो रुपये पडतात. तिकीट जिल्ह्याच्या 'फ्राम' या बससेवेच्या अ‍ॅपमधून बसमध्ये चढण्याआधी काढावं. भाड्याच्या सायकलीने जायचा बेत करू नका, ऑलेसुनकडून येणाऱ्या बोगद्यांत सायकलला बंदी आहे.

गुडॉयला जाणारा बोगदा १९८९ चा, समुद्राखाली १५३ मीटर. बाहेर पडल्यावर बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला आल्नेस. इथे १८५३ पासून दिवा आहे. आजचा मनोरा १९३६ चा, लाकडी, साडेबावीस मीटर उंच, पांढऱ्यावर दोन लाल पट्टे. आत जिना अरुंद होत जातो, पाठीवरची सॅक खाली ठेवून चढा. वर वारा इतका असतो की मोबाइल दोरीला बांधलेला बरा. खाली कॅफे आहे.

अंगात दम असेल तर आल्नेसहून आल्नेसवातने तळ्यापर्यंत चढा. तासाभराची खडी वाट आहे. तळं डोंगराच्या कुशीत आणि त्याच्या पलीकडे समुद्र. आणखी वर स्टूरहॉर्ने, ४९७ मीटर. ढग खाली असतील तर तळ्यापासूनच परत फिरा. वर कडे आहेत आणि धुक्यात वाट चटकन हरवते.

परतताना गिस्केला उतरा. बेट सपाट, शेतांचं. इथलं बाराव्या शतकातलं चर्च पांढऱ्या संगमरवराचं आहे. मध्ययुगातल्या एका बड्या घराण्याने आपल्या खाजगी उपासनेसाठी ते बांधलं. अर्धा तास पुरतो.

चौथा दिवस : मासा

ऑलेसुनची श्रीमंती माशावर उभी राहिली, म्हणून एक दिवस माशाचा.

सकाळी गावाच्या पश्चिमेला तीन किलोमीटरवर, तुएनेसेतला मत्स्यालय आहे, १९९८ पासूनचं. मोठ्या टाकीत ४० लाख लिटर पाणी आहे आणि ते शेजारच्या समुद्रातूनच येतं. म्हणजे इथले कॉड, लिंग, हॅलिबट हे बाहेरच्या पाण्यातलेच मासे आहेत. पाणबुडे टाकीत उतरून खायला घालतात ती वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण त्या पंधरा मिनिटांतच सगळे मासे एकदम दिसतात. बाहेर खडकाळ किनाऱ्यावर चालायची वाट आहे, मध्येमध्ये दुसऱ्या महायुद्धातले जर्मन बंकर.

दुपारी बाकालाओ खा. तो क्लिपफिस्कचा करतात, म्हणून आधी क्लिपफिस्क काय ते कळायला हवं. कॉड उभा चिरून, कण्याचा बराचसा भाग काढून, पुस्तकासारखा उघडतात. मग मिठाच्या थरांत काही आठवडे मुरवतात आणि वाळवतात. पूर्वी हे वाळवण किनाऱ्यावरच्या उघड्या खडकांवर चाले, नावातला 'क्लिप' म्हणजे खडक. पाऊस आला की सगळं गोळा करून ढीग झाकायचे, उघडला की पुन्हा पसरायचे, आणि हे काम बहुतेक बायका-मुलं करत. आता गरम हवेच्या बोगद्यांत वाळवतात. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरचा तोरफिस्क वेगळा. त्याला मीठ नसतं, तो थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांना टांगून वाळतो. आपल्याकडच्या बांबूवर वाळणाऱ्या बोंबलाचं नातं त्याच्याशी. क्लिपफिस्कचं नातं खाऱ्या माशाशी.

हा मासा इथून स्पेन, पोर्तुगाल, ब्राझीलला जातो. तिकडून परत आली ती टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मिरची घालून करायची पद्धत आणि 'बाकालाओ' हे नावही. पोर्तुगीजांबरोबर हाच पदार्थ गोव्यातही पोहोचला. तिथल्या ख्रिस्ती घरांत बाकल्याव म्हणतात तो हाच खारा कॉड.

चांगला बाकालाओ ओळखायचा कसा? मासा जाड पाकळ्यांत सुटायला हवा. दोरे निघत असतील तर तो फार शिजला किंवा ढवळला गेला. माशाचे तुकडे आधी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थंड पाण्यात भिजवतात, पाणी दोन-चारदा बदलून. इथे घाई केली की पदार्थ खारट होतो आणि नंतर कितीही टोमॅटो घाला, उपयोग होत नाही. पातेल्यात बटाटा, कांदा, मासा, टोमॅटो असे थर लावतात, तेल ओततात आणि मंद आचेवर ठेवतात. डाव घालत नाहीत, पातेलंच धरून हलवतात. बटाट्याने तेल आणि माशाचं मीठ दोन्ही पिऊन घेतलेलं असतं. या पदार्थात सगळ्यात चविष्ट तोच.

मासे न खाणाऱ्यांनी स्वेले खावी. ही या किनाऱ्यावरच्या फेरीबोटींची खासियत: ताकात भिजवलेल्या पिठाची, जाडसर, जाळीदार, गोड आंबोळीच म्हणा, लोणी-साखर किंवा तपकिरी चीज घालून अर्धी दुमडलेली. अंडं असतं, ते लक्षात घ्या. ते तपकिरी चीज म्हणजे ब्रूनोस्ट. दही-पनीरचं पाणी आटवून आटवून करतात आणि त्याची चव दूध आटवताना पातेल्याच्या बुडाला धरलेल्या खरवडीच्या जवळची आहे.

ज्यांना पक्ष्यांची ओढ आहे त्यांनी या दिवशी गाडी घेऊन रुंदे बेट गाठावं. मासा मग आदल्या संध्याकाळी. सुलेसुन–हारेइद फेरी पंचवीस मिनिटांची, पुढे रस्ता आणि पूल. एकूण दोन तास धरा. फेरीचे पैसे नंबरप्लेटवरून आपोआप कापले जातात, भाड्याच्या गाडीचं बिल नंतर येतं. पफिन पक्षी दिवसभर समुद्रावर असतात आणि संध्याकाळी कड्यावरच्या बिळांत परततात. दुपारी एकला वर चढून निराश होऊन उतरणारी माणसं दर उन्हाळ्यात दिसतात. संध्याकाळी सातनंतर वर असावं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत पफिन समुद्राकडे निघून जातात. आखलेली वाट सोडू नका, मऊ मातीखाली बिळं आहेत आणि पायाने ती ढासळतात. माळावर मोठे तपकिरी स्कुआ पक्षी पिलांच्या रक्षणासाठी डोक्यावर झेपावतात. काठी डोक्याच्या वर धरली की ते काठीच्या टोकाला लक्ष्य करतात. याच कड्यांखाली १७२५ मध्ये बटाव्हियाला (आजचं जकार्ता) निघालेलं डच ईस्ट इंडिया कंपनीचं आकेरेंडाम हे जहाज फुटलं. त्यातली नाणी १९७२ मध्ये पाणबुड्यांना सापडली.

दिवसभर धो धो पाऊस असेल तर दोन्ही बेत सोडून बोर्गुनच्या सुनमोरे संग्रहालयात जा, गावापासून चार किलोमीटर पूर्वेला. पन्नासहून अधिक जुनी घरं आणि होड्यांचा मोठा संग्रह आहे. आपल्या कोळीवाड्यांत वाढलेल्या माणसाला इथे फळ्यांचे सांधे बघायला दोन तास कमी पडतील.

आणि गायरांगर? पाचवा दिवस असेल तर जरूर. उन्हाळ्यात ऑलेसुनहून बोटी जातात. चार दिवसांत मात्र ते कोंबू नका, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो.

परत निघताना

विमानाऐवजी रेल्वेने ओस्लोला जाता येतं आणि वेळ असेल तर तसंच जावं. ऑलेसुनहून ओंदाल्सनेसला बसने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. तिथून दोम्बोसपर्यंत रौमा रेल्वे, ११४ किलोमीटर, १९२४ पासूनची. गाड्या दिवसाला मोजक्याच, त्यामुळे बस आणि गाडीच्या मध्ये किमान एक तास ठेवा. आसन आरक्षित करताना प्रवासाच्या दिशेने उजवी खिडकी मागा. सुटल्यावर थोड्याच वेळात त्याच बाजूला ट्रोलवेगेन येतो, सुमारे हजार मीटरांचा उभा कडा, आणि डबा कितीही मोकळा असला तरी त्या क्षणी सगळे उजवीकडे जमतात. पुढे काइलिंग पुलावर गाडी नदीपासून ५९ मीटर उंचीवरून जाते. तिथे मात्र दोन्ही खिडक्या चालतात.